पोशाख बेतणारी बाई : ज्ञानदानंदिनी देवी

ब्लाऊज शिवायला टाकताना बायका मापासाठी जुना ब्लाऊज आणून देतात. शिवणारीने तो समोर पसरून जसाच्या तसा बेतला तर नवा ब्लाऊज हमखास बिघडतो. जुना ब्लाऊज चार वर्षांपूर्वीचा असतो, कापड धुऊन धुऊन ताणलेले असते, मधल्या काळात बाईचे अंग बदललेले असते. म्हणून माझी माय जुना ब्लाऊज नुसता बघते आणि बाजूला ठेवते. मग बाईला उभे करून टेप लावते. छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाहीचा घेर, पाठीची उंची, सगळे नव्याने. डोक्यावर हंडे वाहून एखादीचा एक खांदा उतरलेला असतो, एखादीची पाठ वाकलेली असते. माय ते न बोलता टिपून घेते, वर्तमानपत्राच्या कागदावर बेत काढते, तो कापून अंगाला लावून बघते, कुठे अर्धा इंच सोडते, कुठे टक्स सरकवते आणि मगच कापडाला कात्री लावते. शिवणीत माया ठेवते, म्हणजे पुढे उसवून सैल करता येते.

हे मी लहानपणापासून पाहत आले. त्यात लिहिण्याजोगे काही असेल असे कधी वाटले नव्हते. पण एस. वाय.ला आल्यावर एकोणिसाव्या शतकातल्या समाजसुधारणेसंबंधी वाचताना एका बंगाली बाईंची हकिकत हाती लागली आणि मला आमच्या घरातला तो कागदी बेत आठवला. त्या बाई म्हणजे ज्ञानदानंदिनी देवी. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या या वहिनी, आणि आय. सी. एस. झालेले पहिले हिंदी गृहस्थ सत्येंद्रनाथ ठाकूर यांच्या पत्नी. आज देशभर ज्या तऱ्हेने ब्लाऊज-परकरावर पाचवारी-सहावारी साडी नेसली जाते, तिच्या मुळाशी त्यांचा हात आहे. त्यांनी हे काम केले ते मुंबईत, म्हणजे आपल्याच इलाख्यात.

ज्ञानदानंदिनी यांचा जन्म २६ जुलै १८५० रोजी जेसोर जिल्ह्यातल्या नरेंद्रपूर गावचा. तो भाग आता बांगलादेशात आहे. सात-आठ वर्षांची असतानाच तिचे लग्न झाले आणि ती कलकत्त्याच्या जोडासांको भागातल्या ठाकूरांच्या प्रचंड वाड्यात आली. सासरे महर्षी देवेंद्रनाथ. घर ब्राह्मो विचारांचे, विद्येचे, पैशाचे. परंतु बायकांचा अंतःपूर कडेकोट. बाईमाणसाने उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायचे नाही. गंगास्नानाला जायचे तर पालखीत बसून जायचे, आणि पालखीसकट पाण्यात बुडवून आणायचे, अशी त्या काळच्या बड्या घरांची रीत सांगतात.

या रीतीशी कपड्याचा संबंध होता. आपल्याकडे त्या वेळी बाई लुगडे नेसत होती आणि अंगात चोळी घालत होती. बंगालमध्ये तसे नव्हते. घरातली बाई एकच साडी अंगाभोवती गुंडाळून घेई. आत परकर नाही, वर चोळी नाही. श्रीमंत घरी तर ती साडी फार तलम असे. घरात बायकाबायकांत ते चालून जाई. पण या वेषात परक्या माणसासमोर येणे शक्यच नव्हते. म्हणजे पडदा होता म्हणून पोशाख नव्हता, आणि पोशाख नव्हता म्हणून पडदा हटत नव्हता. सभांतून स्त्रीस्वातंत्र्याची व्याख्याने देणाऱ्या पुरुषांच्या लक्षात ही साधी अडचण आली होती की नाही, कोण जाणे.

सत्येंद्रनाथांच्या मात्र ती लक्षात आली होती. हा माणूस उतावळा आणि मनाने स्वच्छ. लग्नानंतर आपला मित्र मनमोहन घोष याला बायकोची ओळख करून द्यावी असे त्याच्या मनात आले. दिवसा ते शक्य नव्हते, म्हणून रात्री सगळे निजल्यावर त्याने मित्राला चोरून अंतःपुरात नेले आणि मच्छरदाणीत बसवले. एका बाजूला घाबरलेली मुलगी, दुसऱ्या बाजूला घाबरलेला मित्र. दोघांपैकी कोणीच बोलेना. थोड्या वेळाने जसा आणला तसाच त्याला बाहेर पोहोचवला. हसू येते, पण त्या घरात त्या काळी हे धाडसच होते.

१८६२ साली सत्येंद्रनाथ याच मनमोहनबरोबर विलायतेला गेले. पुढच्या वर्षी आय. सी. एस.ची परीक्षा उतरले आणि १८६४ मध्ये परतले. विलायतेहून ते बायकोला पत्रे लिहीत, तिला तिकडे पाठवा अशी विनंती वडिलांना करीत. महर्षींनी ते मानले नाही. मधल्या काळात दीर हेमेंद्रनाथ तिला आणि घरातल्या इतर सुनांना शिकवत होते. नोकरीची पहिली नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि बायकोला बरोबर न्यायची असा हट्ट सत्येंद्रनाथांनी धरला, तेव्हा मात्र महर्षींना परवानगी द्यावी लागली. तरीही सुनेने सर्वांदेखत चालत जाऊन गाडीत बसणे त्यांना पसंत पडले नाही. ती पालखीतूनच बोटीपर्यंत गेली.

आता अंगावर घालायचे काय? सत्येंद्रनाथांनी कलकत्त्याच्या एका फ्रेंच दुकानातून पौर्वात्य म्हणून ओळखला जाणारा एक पोशाख करवून घेतला. शिवणाऱ्याला ना बंगाली बाई माहीत, ना तिचे उठणे-बसणे. कल्पनेतल्या कुठल्या तरी पूर्वेकडच्या राणीसाठी शिवावा तसा तो शिवलेला. चौदा वर्षांच्या ज्ञानदानंदिनीला तो एकटीने चढवताही येईना. हे वाचले तेव्हा मला दुकानात टांगलेल्या रेडिमेड ब्लाऊजची आठवण झाली. त्याच्यावर ३४ आकडा असतो, आपली छातीही ३४ भरते, आणि तरी तो बसत नाही. कारण आकड्याला खांदा नसतो, पाठ नसते.

१८६४ ची मुंबई म्हणजे कापसाच्या पैशाने न्हाऊन निघालेली मुंबई. अमेरिकेत १८६१ पासून यादवी युद्ध पेटले होते, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून हिंदुस्थानच्या कापसाचे भाव आकाशाला भिडले होते. आपल्या खानदेशचा कापूसही त्या लाटेवर होता. खानदेश तेव्हा एकच मोठा जिल्हा होता आणि त्याचे मुख्य ठाणे धुळे. पूर्व आणि पश्चिम असे तुकडे १९०६ साली पडले. अशा गजबजलेल्या शहरात ठाकूर पतिपत्नी माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांच्या घरी उतरली. माणकजींनी आदल्याच वर्षी मुंबईत मुलींसाठी इंग्रजी शाळा काढली होती. त्यांच्या मुली शिकलेल्या, पाहुण्यांशी मोकळेपणाने बोलणाऱ्या, पुरुषांबरोबर टेबलावर जेवणाऱ्या होत्या. कलकत्त्याच्या अंतःपुरातून आलेल्या मुलीला हे सारे नवे होते.

या घरात ज्ञानदानंदिनींनी आधी नीट पाहून घेतले. पारशी बायका अंगात पोलके घालीत, आत परकर असे, वर साडी. पदर पाठीमागून उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेला. अंग सर्व बाजूंनी झाकलेले आणि चालणे-बसणे सुटसुटीत. तशीच साडी नेसून मोकळे होणे त्यांना सोपे होते. त्यांनी ती नेसूनही पाहिली. पण ती जशीच्या तशी ठेवली नाही. उजव्या खांद्यावर पदर आला की उजवा हात अडकतो. भेटायला आलेल्या माणसाशी हस्तांदोलन करायचे, पेला उचलून द्यायचा, लिहायचे, सगळे याच हाताने. म्हणून त्यांनी पदर डाव्या खांद्यावर घेतला. आत शेमीज आणि परकर, वर इंग्रजी जॅकेटच्या धर्तीवरचे पण साडीखाली बसेल असे पोलके, पायांत मोजे आणि बूट. पारशी, इंग्रजी आणि बंगाली अशा तीन ठिकाणचे नमुने घेऊन त्यांनी चौथेच काहीतरी बेतले, आणि ते स्वतःच्या अंगाला बसवले.

यातले पोलके किती महत्त्वाचे, हे शिवणाऱ्यालाच कळते. साडी कशीही गुंडाळली तरी चालते, ती कापडाचा सरळ तुकडाच आहे. पोलके मात्र अंगाला बसावे लागते. नवशिकी मुलगी हात मोकळा व्हावा म्हणून मुंढा खोल कापते, आणि फसते. खोल मुंढ्याच्या ब्लाऊजमध्ये हात वर केला की सगळा ब्लाऊजच वर ओढला जातो. मुंढा काखेजवळ ठेवावा आणि बाहीला वरून घेर द्यावा, तर हात वर जातो आणि ब्लाऊज जागेवर राहतो. कापूस वेचणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या बाईचा ब्लाऊज शिवताना ही गोष्ट विसरून चालत नाही. आपल्या जुन्या चोळीत काखेखाली वेगळा तुकडा जोडत, तोही हात फिरावा म्हणूनच. ज्ञानदानंदिनींच्या पोलक्याला किती इंचांचा मुंढा होता ते मी सांगू शकत नाही. पण उजव्या हाताचा विचार करून ज्या बाईने पदराची बाजू बदलली, तिने बाहीचा विचार केला नसेल असे मला वाटत नाही.

सत्येंद्रनाथांची पहिली नेमणूक अहमदाबादेस झाली. दोन वर्षांनी, १८६६ साली, रजेवर दोघे कलकत्त्याला परतली. पालखीतून गेलेली सून या वेळी वाड्यासमोर गाडीतून उतरली आणि सर्वांदेखत पायांनी चालत आत आली. घरात अक्षरशः रडारड झाली. जुन्या नोकरमाणसांच्या डोळ्यांतही पाणी आले असे सांगतात. नंतर काही दिवस घरातल्या इतर बायका त्यांच्या पंक्तीला बसायला कचरत. याच सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड लॉरेन्स यांच्याकडच्या मेजवानीचे आमंत्रण आले. सत्येंद्रनाथ आजारी होते, म्हणून त्या पतीशिवाय गेल्या. कोणा बंगाली घरची सून अशा ठिकाणी येईल हे लोकांच्या स्वप्नातही नव्हते. काहींना त्या भोपाळच्या बेगमच वाटल्या. ठाकूर घराण्याच्या दुसऱ्या शाखेतले वयोवृद्ध प्रसन्नकुमार ठाकूर तिथे हजर होते. आपल्या घरची सून उघड्या सभेत पाहून लाजेने आणि रागाने ते तडक निघून गेले.

वाड्यात इतके रामायण झाले, पण पोशाख बायकांना आवडला. त्यांनी तो शिकवायला सुरुवात केली. बंगालीत बायकांसाठी निघणाऱ्या बामाबोधिनी पत्रिकेत त्यांनी चक्क जाहिरात दिली की, हा पोशाख ज्यांना शिकायचा असेल त्यांना मी शिकवीन. हा भाग मला सर्वांत आवडतो. पडद्याबाहेर जाऊन आलेली बड्या घरची सून स्वतःपुरते सुख मानून बसली असती, तर कोणी तिला दोष दिला नसता. ब्राह्मो घरांतल्या बायकांनी हा पोशाख प्रथम उचलला म्हणून त्याला ब्राह्मिका साडी म्हणू लागले. ठाकूरबाडीची साडी असेही एक नाव पडले. आणखी एक नाव होते मुंबई दस्तूर, म्हणजे मुंबईची तऱ्हा. पुढे केशवचंद्र सेन यांच्या मुलींनी, कूचबिहारच्या महाराणी सुनीतीदेवी आणि मयूरभंजच्या सुचारूदेवी यांनी, त्यात आणखी फेरफार केले असे सांगतात. एकीचा बेत दुसरीने आपल्या अंगाला बसवायचा, हे इथेही चालूच राहिले.

नोकरीच्या निमित्ताने ठाकूर कुटुंब आपल्या इलाख्यात पुष्कळ वर्षे फिरले. पुणे, सोलापूर, सातारा, कारवार. मुलगी इंदिरा हिचा जन्म १८७३ मध्ये विजापूरकडील कलादगीचा. सत्येंद्रनाथ मराठी शिकले, त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत उतरवले, मुंबई प्रांतावर बोम्बाई चित्र नावाचे पुस्तक लिहिले. १८७० साली मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूरमार्गे जोडला गेला. तो जळगाव-भुसावळवरूनच जातो. तेव्हा सुट्टीत माहेरी-सासरी जाताना ज्ञानदानंदिनींनी आगगाडीच्या खिडकीतून आपली कपाशीची शेते पाहिली असतील, असा मी माझ्यापुरता तर्क करते.

१८७७ साली त्यांनी जे केले त्यापुढे पदराची बाजू बदलणे किरकोळ वाटते. पती बरोबर नसताना, तीन लहान मुले घेऊन, स्वतः गरोदर असताना त्या बोटीने इंग्लंडला गेल्या. तिथे जन्मलेले बाळ वाचले नाही, आणि धाकटा मुलगाही तिथेच दगावला. परक्या देशात, परक्या हवेत सुरेंद्र आणि इंदिरा या दोघांना घेऊन त्या राहिल्या. १८७८ मध्ये सत्येंद्रनाथ रजा काढून आले आणि त्यांच्याबरोबर सतरा वर्षांचा रवींद्र. विलायतेला जाण्याआधी मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी राहून, त्यांची मुलगी अन्नपूर्णा हिच्याकडे त्याने इंग्रजी रीतीभाती शिकल्या होत्या. ब्रायटनला वहिनींच्या घरी त्याला हक्काचे घर मिळाले. १८८० मध्ये सर्वजण परतले.

पुढची हकिकत थोडक्यात सांगते. रवींद्रनाथांचे १८८३ मध्ये लग्न झाले, तेव्हा लहानग्या मृणालिनीचे शिक्षण-वळण पाहण्याचे काम ज्ञानदानंदिनींनी अंगावर घेतले. १८८५ साली मुलांसाठी बालक नावाचे मासिक काढले. रवींद्रनाथांकडून मुलांसाठी भरपूर लिहून घेतले ते याच मासिकासाठी. त्यांनी स्वतः मुलांची नाटके लिहिली. घरच्या रंगमंचावर रवींद्रनाथांच्या राजा ओ रानी नाटकात दिरासमोर राणीचे काम केले, त्यावर बंगवासी पत्राने टीकेची झोड उठवली. त्यांनी ती मनावर घेतल्याचे दिसत नाही.

इथे एक शंका मनात येते ती लिहिलीच पाहिजे. आमच्या आजीला आणि तिच्यासारख्या बायकांना बाहेर पडायला कोणाचा पोशाख लागला नव्हता. सूर्य उगवायच्या आत त्या शेतात असत. नऊवारीचा कासोटा मारला की निंदणी, वेचणी, पाणी भरणे सगळे होई. न्यायमूर्ती रानडे यांची १८७९ साली धुळ्याला बदली झाली. त्यांच्या पत्नी रमाबाई यांनीही पुढे मोठे सार्वजनिक काम केले, ते लुगडे-चोळीतच. तेव्हा ज्ञानदानंदिनींची अडचण ही एका विशिष्ट, पैसेवाल्या घरातली अडचण होती, हे खरे. शिवाय एकदा ब्लाऊज हा सभ्यपणाचा दाखला ठरल्यावर ज्या गरीब किंवा आदिवासी बाईकडे तो नव्हता ती असभ्य ठरली. पोटाला पुरे पडत नाही तिथे जास्तीचे कापड आणायचे कोठून? या गोष्टीचा दोष एकट्या ज्ञानदानंदिनींवर टाकता येणार नाही, पण ती त्यांच्या कामाच्या शिवणीतच आहे.

दुसरी बाजूही मी घरीच पाहिली. आजी शेवटपर्यंत नऊवारीत राहिली. आमच्या गावात गोल साडी प्रथम नेसली ती शाळेत बदलून आलेल्या मास्तरणीने. कासोटा नाही म्हणून बायकांनी तिला पुष्कळ नावे ठेवली. मग हळूहळू एकेक सून गोल साडीवर आली. आणि माझी माय, जी शिवण शिकली नसती तर दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला गेली असती, ती या सुनांचे ब्लाऊज शिवून घर चालवू लागली. माझी कॉलेजची फी त्याच शिलाईतून भरली जाते. म्हणून त्या पोशाखाविषयी मला पूर्ण तटस्थपणे लिहिता येणार नाही.

सत्येंद्रनाथ १८९७ साली नोकरीतून निवृत्त झाले आणि कुटुंब कलकत्त्यात स्थिरावले. त्यांच्या घरी गाणे, नाटक, वादविवाद यांची वर्दळ असे. इंदिरा पुढे संगीताच्या आणि लेखनाच्या क्षेत्रात नावाजल्या. सत्येंद्रनाथ १९२३ मध्ये वारले. वृद्धपणी ज्ञानदानंदिनींनी आपल्या आठवणी लेकीला सांगितल्या. मच्छरदाणीतला तो प्रसंग, फ्रेंच दुकानातला तो न बसणारा पोशाख, मुंबईचे ते पारशी घर, अशा कितीतरी गोष्टी त्यामुळे राहिल्या. पुरातनी या नावाने त्या आठवणी त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने निघाल्या. ७ ऑगस्ट १९४१ रोजी रवींद्रनाथ गेले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, त्यांच्या या मेजोबौठानने, म्हणजे मधल्या वहिनीने, एक्क्याण्णवाव्या वर्षी देह ठेवला.

मी हे सगळे मायला वाचून दाखवले. ती काज करत होती. तिने एवढेच विचारले, की त्या बाईंनी पदर डावीकडे घेतल्यावर पोलक्याचे हुक पुढे ठेवले होते की मागे.